‘आम्ही’ की ‘आपण’? : एका खेळयंत्राचे प्रथमदर्शन

साहित्याच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी मताचे वावडे असते. पुस्तक एकदा वाचून त्यावर बोलू नये, पुनर्वाचनाशिवाय समीक्षा संभवत नाही, असे आम्ही वर्गात सांगतो. आमच्या शिक्षकांनीही आम्हांला तेच सांगितले होते. तरीही एक गद्यप्रकार असा आहे की जो निव्वळ प्रथमदर्शनावर उभा असतो आणि त्याची लाजही बाळगत नाही. नवा व्हिडिओ गेम कन्सोल बाजारात आला की पहिल्या दोन-चार दिवसांत त्याविषयी जे लेख लिहिले जातात, तो हा प्रकार होय. या लेखकांची अडचण मोठी विलक्षण असते. कन्सोल म्हणजे स्वतः खेळ नव्हे. पुढील पाच-सात वर्षांत ज्या खेळांमुळे तो ओळखला जाईल, त्यांपैकी बहुतेक अजून रचलेलेच नसतात. रंगमंच बांधून झाला आहे, नाटके लिहिली जायची आहेत, आणि समीक्षकाने मात्र आजच मत द्यायचे आहे, अशी ती अवस्था असते.

अशा प्रथमदर्शनाला काही ज्ञानात्मक मूल्य असते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी आम्ही निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘वी’ या कन्सोलचे उदाहरण घेत आहोत. तो १९ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत आणि २ डिसेंबर २००६ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. आज त्याचे संपूर्ण आयुष्य, उत्तरायुष्यासह, आपल्यासमोर आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी जे दिसले ते कितपत खरे होते, याची तपासणी करता येते. साहित्यकृतीच्या बाबतीत अशी संधी क्वचित मिळते. कारण तिचे आयुष्य इतक्या लवकर संपत नाही.

प्रथम काही बाह्य तपशील. वी लहान होता. डीव्हीडीच्या तीन डब्या एकावर एक रचाव्यात एवढा. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २५० डॉलर होती. दोनच दिवस आधी, १७ नोव्हेंबरला, तेथे आलेला सोनीचा प्लेस्टेशन ३ हा ५०० आणि ६०० डॉलरांना होता, आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० वर्षभरापूर्वीच येऊन बसला होता. हे दोन्ही प्रतिस्पर्धी चित्राच्या सुस्पष्टतेवर, प्रोसेसरच्या बळावर भिस्त ठेवून होते. वीचे चित्र त्यांच्या मानाने जुन्या धाटणीचे होते आणि त्याचे अंतरंग म्हणजे आधीच्या गेमक्यूब या कन्सोलचीच सुधारलेली आवृत्ती होती. सामर्थ्याच्या शर्यतीत तो उतरलाच नव्हता. याच कंपनीत पूर्वी काम केलेले गुनपेई योकोई यांचा एक सिद्धान्त प्रसिद्ध आहे : जुने, मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा अनपेक्षित दिशेने विचार करावा. वी हे या सिद्धान्ताचे ठळक उदाहरण मानता येते. योकोई यांचे १९९७ मध्येच निधन झाले होते, हे येथे नोंदवायला हवे.

आता नावाकडे वळू. एप्रिल २००६ पर्यंत हा कन्सोल ‘रेव्होल्यूशन’ या सांकेतिक नावाने ओळखला जात होता. २७ एप्रिलला ‘वी’ हे नाव जाहीर झाले आणि इंग्रजी भाषिक जगात त्याची यथेच्छ टिंगल झाली, कारण बालभाषेत तो उच्चार लघवीसाठी वापरतात. कंपनीचे स्पष्टीकरण असे होते की या नावाचा उच्चार इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनामासारखा आहे. हे यंत्र सर्वांसाठी आहे हे त्यातून सुचवायचे आहे. आणि नावाच्या शेवटची दोन सारखी अक्षरे म्हणजे शेजारी शेजारी उभी असलेली दोन माणसे आहेत.

मराठीच्या विद्यार्थ्याने येथे थबकावे. इंग्रजीतील हे सर्वनाम संदिग्ध आहे. त्यात ऐकणारा समाविष्ट आहे की नाही, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. मराठीत मात्र आपल्याला ही निवड टाळता येत नाही. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. हा भेद मराठीत द्राविडी भाषांच्या सहवासातून दृढ झाला असे अनेक भाषाभ्यासक मानतात. काहीही असो, वीचे नाव मराठीत भाषांतरित करायचे ठरवले तर भाषांतरकाराला एका क्षणात या यंत्राविषयीचा मूळ प्रश्न विचारावा लागेल : यातले ‘वी’ म्हणजे आम्ही की आपण? कंपनीचे उत्तर निःसंशय ‘आपण’ असे होते. ते उत्तर पुढे कितपत खरे ठरले, यातच या यंत्राची खरी कसोटी आहे.

तोवर कन्सोलचे जग ‘आम्ही’चे होते, ही गोष्ट विसरता येणार नाही. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या याच कंपनीच्या फॅमिकॉम या कन्सोलचा कंट्रोलर साधा होता : डाव्या अंगठ्याखाली अधिकचिन्हासारखी एक कळ, उजव्या अंगठ्याखाली दोन बटणे, मध्ये आणखी दोन. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत जी नक्कल-यंत्रे आली, ती याच घराण्यातली. ती कोणीही हाती घेऊ शके. पुढे बटणे वाढत गेली. प्लेस्टेशन २ च्या काळापर्यंत दोन काठ्या, दिशांची कळ, समोर चार बटणे, खांद्यांवर आणखी चार, असा संसार झाला होता. ज्याने लहानपणापासून हे हाताळले त्याच्या बोटांना ती लिपी पाठ होती. ज्याने हाताळले नव्हते त्याला ते यंत्र हाती देताच निरक्षराच्या हाती पोथी दिल्यासारखे होई. घरात मूल खेळत आहे आणि आई-वडील, आजी-आजोबा पाठमोरे बसले आहेत, हे चित्र त्या बटणांनी निर्माण केले होते. या यंत्रांविषयी वडीलधाऱ्यांना वाटणाऱ्या तिटकाऱ्यात नैतिक काळजीचा भाग होताच. पण आपल्याला हे वाचता येत नाही, याचा संकोचही त्यात होता असे आम्हांला वाटते.

सप्टेंबर २००५ मध्ये टोकियो गेम शोमध्ये कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष सातोरू इवाता यांनी वीचा कंट्रोलर प्रथम लोकांपुढे आणला, तेव्हा ही कोंडी फोडण्याचा उद्देश स्पष्ट झाला. तो कंट्रोलर टीव्हीच्या रिमोटसारखा होता. एका हातात धरायचा आणि हलवायचा. त्या वेळी दाखवलेल्या चित्रफितीत खेळांची दृश्ये जवळजवळ नव्हतीच. कॅमेरा टीव्हीच्या बाजूने खेळणाऱ्यांकडे वळवलेला होता. माणसे रिमोट घेऊन मासे पकडत होती, तलवार चालवत होती, दचकत होती, हसत होती. एखाद्या नाटकाची जाहिरात करताना केवळ प्रेक्षकांचे चेहरे दाखवावेत असा हा प्रकार होता. आमच्या मते वीचे खरे प्रथमदर्शन तेच, आणि त्याने पाहण्याची दिशाच बदलली. पडद्यावर काय दिसते यापेक्षा खोलीत काय घडते हे पाहायचे आहे, असे ते सांगत होते.

हे यंत्र आम्ही प्रथम हाताळले ते परदेशातून परतलेल्या एका स्नेह्यांच्या घरी. अमेरिकेत कन्सोलसोबतच ‘वी स्पोर्ट्स’ ही तबकडी मिळत असे. तीत टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ होते. बोलिंगमध्ये रिमोटच्या खालचे बटण दाबून हात मागे न्यायचा, पुढे आणायचा आणि योग्य क्षणी बोट उचलायचे की पडद्यावरचा चेंडू सुटतो. कोणालाही सूचना वाचाव्या लागल्या नाहीत. साठी उलटलेल्या एका बाईंनी पहिल्याच प्रयत्नात सात खुंट्या पाडल्या आणि नकळत त्यांचे पाऊल पुढे पडले, कंबर झुकली, दुसरा हात तोलासाठी बाजूला गेला. यांपैकी कशाचीही यंत्राला गरज नव्हती. टेनिसमध्ये चेंडू बॅटला लागल्याचा आवाज टीव्हीतून न येता हातातल्या रिमोटमधून येत होता, आणि त्या क्षुल्लक युक्तीने हातातली पांढरी पट्टी क्षणभर खरोखर बॅट होत होती.

भरताच्या नाट्यशास्त्रातील संज्ञा येथे उपयोगी पडतात. आधीचे कंट्रोलर हे नाट्यधर्मी होते असे म्हणता येईल : उडी मारणे म्हणजे अमुक बटण दाबणे, हा निव्वळ संकेत. बटण आणि उडी यांत काही साम्य नाही. ते नाते शिकून घ्यावे लागते. वीने लोकधर्मी आंगिकाचा दावा केला. लोकव्यवहारात हात जसा हलतो तसाच हलवा. संकेत शिकण्याची गरज नाही. पहिल्या दिवशीचा आनंद हा या दाव्याचा आनंद होता. भातुकलीत चिमुरडी मुलगी रिकाम्या कपातून चहा पिते, तेव्हा तिला जे सुख मिळते त्याच जातीचा तो आनंद होता.

पण हा दावा फार काळ टिकत नाही. बोलिंगमध्ये चेंडू सोडताना आपण हात सोडत नाही, फक्त बोट उचलतो. म्हणजे नैसर्गिक वाटणाऱ्या क्रियेच्या ऐन मर्मस्थानी एक बटण, एक संकेत, बसलेला असतो. टेनिसमध्ये मैदानावर धावण्याचे काम यंत्र स्वतःच करते. खेळणारा केवळ फटका मारतो. आणि रिमोटमधील मुख्य यंत्रणा हाताची जागा मोजत नाही. हालचालीचा वेग किती झपाट्याने बदलला, म्हणजे त्वरण, एवढेच तिला कळते. त्यामुळे पूर्ण बाहू फिरवून मारलेला फटका आणि सोफ्यावर लोळून मनगटाला दिलेला झटका या दोहोंत यंत्राला फारसा भेद करता येत नाही. ही गोष्ट खेळणाऱ्यांच्या थोड्याच दिवसांत लक्षात येते. पहिल्या संध्याकाळी घाम गाळणारी माणसे पुढच्या आठवड्यात बसल्या जागी मनगट हलवू लागतात. लोकधर्मीची नाट्यधर्मी होते. मुद्रा तेवढी उरते.

टीव्हीवर ठेवायच्या लहानशा पट्टीचेही असेच. तिला ‘सेन्सर बार’ म्हणत, पण ती काहीच ग्रहण करीत नसे. तिच्या दोन टोकांना अवरक्त किरण सोडणारे दिवे होते एवढेच. पाहण्याचे काम रिमोटच्या तोंडाशी असलेला कॅमेरा करी. म्हणून पट्टी काढून तेथे दोन मेणबत्त्या लावल्या तरी पडद्यावरील खूण हलवता येत असे आणि अनेकांनी तसे करून पाहिले. जादूच्या मागे दोन दिवे निघावेत, यात आम्हांला फसवणूक दिसत नाही. मांडणीची चतुराई दिसते. वास्तववादी कादंबरीतही खिडकीतून थेट जग दिसते असे वाटते आणि मागे जाऊन पाहिले तर निवेदकाने नेमक्या जागी ठेवलेले दोन दिवेच सापडतात.

भाषांतराच्या अभ्यासकांसाठी या यंत्राने आणखी एक नमुना ठेवला आहे. पहिल्याच दिवशी आलेल्या खेळांत ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ट्वायलाइट प्रिन्सेस’ हा एक मोठा खेळ होता. तो मुळात गेमक्यूबसाठी रचला जात होता आणि त्याचा नायक लिंक हा परंपरेने डावखुरा. वीवर तलवार चालवायची ती रिमोट हलवून, आणि बहुतेक खेळणारे तो उजव्या हातात धरणार. तेव्हा नायक उजवा करणे भाग होते. परंतु त्याचा हात तेवढा बदलण्याऐवजी रचनाकारांनी अख्खे जगच आरशातल्यासारखे उलटवले. गावे, वाटा, नद्या, सारे डावीकडचे उजवीकडे गेले. पूर्वेची पश्चिम झाली. त्यानंतर महिन्याभरातच आलेल्या गेमक्यूबच्या आवृत्तीत मात्र मूळ दिशा कायम राहिल्या. वाचकाच्या हाताला सोयीचे व्हावे म्हणून संहितेचा भूगोल फिरवणे, यापेक्षा ‘लक्ष्यभाषानुगामी’ भाषांतराचे स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही. गंमत अशी की फक्त वीवर खेळणाऱ्याला यातले काहीच जाणवत नाही. प्रथमदर्शनाची ही मर्यादा आहे : तुलनेसाठी दुसरी प्रत समोर नसेल तर सूर्य पश्चिमेला उगवला तरी तो योग्यच वाटतो.

पहिल्या दिवसांचे आणखी एक साक्षीदार म्हणजे मनगटाला बांधायची दोरी. खेळणारे इतके रंगून जात की रिमोट हातातून निसटे, दोरी तुटे आणि टीव्हीचा किंवा दिव्याचा चक्काचूर होई. डिसेंबर २००६ मध्येच कंपनीने दोरीची जाडी ०.६ मिलिमीटरवरून १ मिलिमीटर केली आणि सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून देण्याची तयारी दाखवली. २००७ मध्ये रिमोटला मऊ सिलिकॉनचे आवरणही आले. या घटनेकडे केवळ सदोष उत्पादन म्हणून पाहणे अपुरे आहे. यंत्राला मनगटाचा झटका पुरत होता आणि माणसे सर्व शक्तीनिशी हात फिरवत होती. लोकधर्मीवरचा विश्वास किती खरा होता याचा, फुटलेल्या काचांइतका निःपक्षपाती पुरावा दुसरा नसावा.

पुढे काय झाले ते आकड्यांत सांगता येते. वीची एकूण विक्री १० कोटी १६ लाखांवर गेली. गेमक्यूबची सुमारे २ कोटी १७ लाख होती. ‘वी स्पोर्ट्स’च्या ८ कोटींहून अधिक प्रती घरोघरी पोहोचल्या. डिसेंबर २००७ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘वी फिट’ने तर खेळाला तळपाटावर उभे राहून वजन आणि तोल पाहण्याच्या घरगुती व्यायामापर्यंत नेले. प्रतिस्पर्ध्यांनीही २०१० मध्ये हालचालीवर चालणारी आपापली साधने आणली. ‘आपण’ म्हणणाऱ्या नावाला लोकांनी ओ दिली होती, यात शंका नाही. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेला वारसदार ‘वी यू’ अवघा १ कोटी ३५ लाखांच्या आसपास विकला गेला. नावातला गोंधळ, साधनाचे अवघडलेपण, खेळांचा तुटवडा, मोबाइल फोनवर आलेले फुकटचे खेळ अशी त्याची अनेक कारणे दिली जातात आणि ती सारी ग्राह्य आहेत. तरी एक गोष्ट उरते. जी माणसे २००६ मध्ये प्रथमच आत आली होती, त्यांतली पुष्कळशी पुढच्या खोलीत गेलीच नाहीत. दाराशीच थोडा वेळ बसून ती परतली.

यावरून असे म्हणता येईल काय की सोपे दार ही चूक होती? आम्हांला तसे वाटत नाही. ज्या बाईंनी सात खुंट्या पाडल्या, त्यांनी पुढे एकही दुसरा खेळ हाती घेतला नाही. तरी त्या संध्याकाळचे मोल कमी होत नाही. दोष असलाच तर दाराच्या आत काय ठेवायचे याचा विचार अपुरा राहिला, यात आहे. २००९ मध्ये अधिक अचूक हालचाल टिपणारे ‘मोशनप्लस’ हे जोडसाधन आले खरे. हाताच्या हालचालीतून काय सांगता येते, बटणांनी जे कधीच सांगता आले नसते असे काय आहे, हे शोधणारे खेळ मात्र त्या मानाने थोडेच झाले. नवे आंगिक मिळाले होते. त्याला साजेशी संहिता पुरेशी मिळाली नाही.

साहित्याच्या शिक्षकांनी या कथेत रस घ्यावा तो येथे. मराठीच्या वर्गातील विद्यार्थिसंख्या रोडावत असल्याची चिंता आपण सारे करतो आणि त्यावर सोपे करण्याचा उपाय सुचवतो. लहान उतारे, सोपी भाषा, चित्रपट, गाणी. त्याला आमचा विरोध नाही; बटणांच्या लिपीने जसे अनेकांना पाठमोरे बसवले तसे आमच्या परिभाषेनेही बसवले आहे, हे मान्य करायला हवे. मात्र प्रवेश सोपा केला म्हणजे काम झाले, ही समजूत घातक आहे. ग्रामीण आणि दलित साहित्यातील बोलीचे प्रथम दर्शन झाले तेव्हा मराठी वाचकाला ती ‘थेट जीवन’ वाटली, लोकधर्मी वाटली. तिच्यातही निवड आहे, रचना आहे, कमावलेले संकेत आहेत, हे समजायला वेळ लागला. आणि ज्यांनी तो वेळ दिला नाही त्यांच्या लेखी ती अजूनही निव्वळ अनुभवाची कच्ची सामग्रीच आहे. ‘हे किती सहज आहे’ हा उद्गार आस्वादाचा आरंभ होऊ शकतो. तिथेच थांबणारा वाचक कृतीला तिच्या शिल्पासह ओळखत नाही.

म्हणून प्रथमदर्शनी मतावरील आमचा आक्षेप आम्ही थोडा वेगळा मांडू इच्छितो. वीविषयीची पहिली प्रतिक्रिया, ‘हे शिकावे लागत नाही’, ही तथ्य म्हणून अपुरी होती. साक्ष म्हणून मोलाची होती. संकेत अंगवळणी पडण्यापूर्वीचा क्षण एकदाच येतो आणि नंतर कितीही पुनर्वाचन केले तरी तो परत मिळत नाही. बटणाचा संकेत जाणवेनासा होण्यापूर्वी तो कोठे टोचला, कोठे सुखावला, हे फक्त पहिल्या दिवशीच सांगता येते. ५ जून २०२५ रोजी याच कंपनीचा ‘स्विच २’ हा कन्सोल आला आणि चार दिवसांत ३५ लाखांहून अधिक विकला गेला. त्याचा कंट्रोलर सुटा करून संगणकाच्या माउसप्रमाणे पृष्ठभागावर फिरवता येतो. त्याविषयीही पहिल्याच आठवड्यात भरभरून लिहिले गेले. त्या लेखांना उथळ म्हणून बाजूला सारण्यापेक्षा ते जपून ठेवावेत आणि दहा वर्षांनी उघडावेत, हे अधिक शहाणपणाचे होईल.

आपल्या वर्गातही हे करता येण्यासारखे आहे. कविता शिकवण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून तिचे पहिले मत तारखेसह लिहून घ्यावे, ते दुरुस्त करू नये, आणि सत्राच्या शेवटी त्यांच्याच हाती परत द्यावे. काय दिसले होते आणि काय दिसले नव्हते, याचा हिशेब त्यांनाच करू द्यावा. या लेखात आम्ही ‘आम्ही’ म्हणून लिहिले, कारण मते आमची आहेत. हा प्रयोग मात्र आपण करायचा आहे.